एकसष्ट टक्के नवी इमारत

सांता एल्मिरा, ११ जानेवारी २०२३

बेलार्मिनो काका,

फोनवर ठेवलेले तुमचे तीन निरोप ऐकले. तिसरा शेवटपर्यंत ऐकला नाही.

तुमच्या बेकरीच्या बांधकामाची फाइल नगरपालिकेत आमच्या बांधकाम परवाना कार्यालयात आहे आणि मी तुमच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे. म्हणून ती फाइल माझ्याकडून काढून दुसऱ्या तपासनिसाकडे दिली गेली. तशी द्या असं मीच सांगितलं होतं. ती बंद होईपर्यंत मी बेकरीत येणार नाही आणि या विषयावर फोनवर बोलणार नाही. विचारायचं ते लिहून विचारा. मी तारीख घालून उत्तर देईन आणि त्याची प्रत ठेवीन. काउंटरवर आलेल्या कुठल्याही माणसाला जे सांगता येतं, तेवढंच तुम्हाला सांगेन.

काम का थांबवलं, ते असं. तुमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी २१२ फूट. परवान्यात १०१ फूट पाडायची परवानगी होती, म्हणजे निम्म्याहून कमी. तेवढं पाडलं तर ती दुरुस्ती ठरते. सोमवारी तपासनीस आला तेव्हा २८ फुटांची उत्तरेकडची भिंतही पाडलेली होती. एकूण १२९ फूट. एकसष्ट टक्के. निम्म्याच्या वर गेलं की आमच्या नियमाप्रमाणे ती नवी इमारत. आणि हवा स्वच्छ राहावी म्हणून नव्या इमारतीत गॅसची नळी घालता येत नाही.

उत्तरेकडची भिंत का पाडली?

झुल्मिरा

*

टिडवेल रस्ता, १५ जानेवारी

झुल पोरी,

तुझं कार्यालय माझ्या छपरावरून दिसतं. साडेसहा मैलसुद्धा नसेल. मधे एक बुटकी टेकडी, एक पेट्रोल पंप आणि तुझ्या बापाच्या जुन्या शाळेचं मैदान. आणि मी तुला तिकीट चिकटवून पत्र लिहितोय! तुझी काकू देओलिंदा म्हणाली, "लिहा. तुमच्या आईने आसोरेस बेटांवर माहेरी अशीच पत्रं लिहिली, मधे समुद्र होता म्हणून. तुमच्या मधे नगरपालिका आहे."

भिंत मी नाही पाडली. डेल्फिमने पाडली.

तुला डेल्फिम माहीत आहे, देओलिंदाच्या भावाचा मुलगा, टुलारेचा. तिकडे गाईंचे गोठे बांधतो. हात सोन्याचा. मी त्याला सांगितलं होतं की उत्तरेची भिंत राहू दे. का, ते सांगितलं नाही. इथे ते सांगावंच लागत नाही ना! या गावातलं कुठलंही नवं घर बघ, मधे एक म्हातारी भिंत उभी असतेच, लग्नात खुर्चीवर आणून बसवलेल्या मामासारखी. तिला टेकू लावतात, चारी बाजूंनी नवं बांधतात आणि कागदावर म्हणतात, दुरुस्ती केली. पण टुलारेत असलं काही नाही. तिकडे पाडायचं म्हणजे पाडायचं.

मी पीठ आणायला गेलो होतो. परत येतो तर भिंत गायब आणि तिच्या जागी नवी कोरी उभी! देवदाराचा वास येतोय. डेल्फिम घाम पुसत बक्षीस मिळाल्यासारखा हसतोय.

"काका, खालचं लाकूड वाळवीने पार पोखरलं होतं. बोट घातलं की आत जात होतं. ते तुमच्या भट्टीला टेकवून ठेवू? मी सुतार आहे, खाटीक नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. डेल्फिमने स्वतः त्याला नेऊन भिंत दाखवली. "बघा साहेब, काम कसं केलंय!" साहेब म्हणाला, "फारच छान केलंय," आणि मोजायची फीत काढली.

आता मला समजावून सांग. माझी भट्टी जुनी. तुझ्या आजोबांनी १९६१ साली विटा लावल्या तेव्हापासून तिथेच आहे. नळी जुनी. माणूस जुना. लाकूड तेवढं नवं. आणि नगरपालिका म्हणते, आम्ही गॅसच्या भट्टीवर बंदी घातलेली नाही, फक्त नळीवर घातली आहे. म्हणजे गाय ठेवा, आम्ही फक्त कास कापून नेतो!

काय करू ते सांग.

तुझा काका,
बेलार्मिनो

*

२० जानेवारी

बेलार्मिनो काका,

डेल्फिमचं काम चांगलं आहे यावर कोणाचाच आक्षेप नाही.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. सोबत काउंटरवरचा माहितीचा कागद जोडला आहे.

पहिला, सूट मागण्याचा. भिंत कुजलेली होती, ती ठेवणं धोक्याचं होतं, असा अर्ज अपील मंडळाकडे करायचा. फोटो आणि डेल्फिमचं लेखी निवेदन लागेल. निकालाला आठ महिने लागतात. तोवर काम बंद.

दुसरा, स्वेच्छेचं हमीपत्र. "मी माझ्या मर्जीने या इमारतीत गॅस वापरणार नाही" असं मालकाने लिहून द्यायचं. ते जमिनीच्या नोंदींत लागतं. परवाना दोन आठवड्यांत मिळतो. गॅसची नळी रस्त्यापाशी कापून बंद करायची आणि गॅसवर चालणारं प्रत्येक उपकरण ३० जूनच्या आत काढून टाकायचं. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ भट्टी पाडणं. ती हलवता येणार नाही, वजन सहा टन आहे. विजेच्या दोन भट्ट्या घ्याव्या लागतील आणि त्यांच्यासाठी वीजजोडणी मोठी करावी लागेल. तिचा अर्ज वेगळा, वीज कंपनीकडे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. नवी इमारत कशाला म्हणायचं याची त्या नियमातली व्याख्या मी लिहिली आहे. २०२१ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी. एक भिंत ठेवून बाकी सगळं नवं बांधायचं आणि जुनं म्हणवून घ्यायचं, ते थांबावं म्हणून. पन्नास टक्क्यांचा आकडाही माझाच.

झुल्मिरा

*

२७ जानेवारी

झुल,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. शेवटच्या परिच्छेदापाशी आल्यावर थांबलो. देओलिंदा म्हणाली, "थांबलात का? वाचा पुढे." वाचलं. तिने काउंटर पुसून घेतलं. मग म्हणाली, "लहानपणी ही पोर पावाचे तुकडे पट्टीने मोजून करायची. तेव्हा आपण हसायचो."

पन्नासच का गं? पासष्ट का नाही लिहिलंस? तेवढीच शाई लागली असती.

असो. ऐक. २८ मे रोजी पवित्र आत्म्याचा सण आहे. बासष्ट वर्षं सणाचा गोड पाव आपल्या भट्टीतून गेलाय. नऊशे पाव. मिरवणुकीत राणी होऊन चालणाऱ्या मुलीच्या हातातला पाव आपला, सभागृहात सगळ्यांना फुकट सूप वाढतात त्या ताटातला पाव आपला. गेल्या वर्षी सणाच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणत होता की आता सुपरमार्केटमधून मागवू, स्वस्त पडेल. एकदा मागवला की परत माझ्याकडे येणार नाहीत. तुला काय वाटतं, लोक माझ्याकडे रोजच्या पावासाठी येतात? सणाच्या पावासाठी येतात आणि जाताना रोजचा नेतात.

आठ महिने म्हणजे सप्टेंबर. आठ महिने काम बंद म्हणजे बेकरीच बंद. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. आठ महिने बसलो तर परत उठणार नाही. तुझ्या बापाला बरंच होईल. अर्धी जागा त्याच्या नावावर, आणि दर नाताळात ॲरिझोनातून फोन करून विचारतो, "बेलार्मिनो, मग विकायची का?"

दोन मार्ग आहेत हे मला काउंटरवरची मुलगीही सांगेल. तू माझी पुतणी म्हणून सांग. तू काय केलं असतंस?

बेलार्मिनो

*

१० फेब्रुवारी

बेलार्मिनो काका,

उत्तराला उशीर झाला.

हमीपत्रावर सही करू नका. सूट मागा, किंवा काहीच करू नका, पण सही करू नका. निदान मेपर्यंत थांबा.

कारण सांगू शकत नाही. विचारू नका.

झुल्मिरा

*

१९ फेब्रुवारी

झुल,

सही केली.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चार ओळींत "थांबा" आहे आणि "विचारू नका" आहे. सण आहे, भट्टी आहे, आजोबा आहेत, त्यातलं काही नाही. देओलिंदा म्हणाली, "ती काहीतरी सांगू बघतेय." मी म्हणालो, सांगायचं असतं तर सांगितलं असतं, तिला अक्षरं येतात. खरं सांगू? मला वाटलं तुझ्या बापाने तुला फोन केला. म्हाताऱ्याला मेपर्यंत बसव, मग तो थकेल, मग विकू. तसं नसेल तर चांगलंच आहे. पण कारण न सांगता थांब म्हणणारा माणूस माझ्या आयुष्यात आजवर एकच होता, तुझा बाप.

म्हणून मंगळवारी गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, सही इथे, इथे आणि इथे."

"वाचायला किती वेळ लागतो?"

"बहुतेक लोक वाचत नाहीत, सर."

वाचत बसलो. तेवढ्यात तुमचा तो नगरवकील, हॅन्ली, कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला. गोड माणूस. "मिस्टर बेटनकोर्ट, स्वेच्छेने करताय ना?"

"स्वेच्छा असती तर आत्ता मी पीठ मळत असतो."

तो हसला. "ते लिहायला फॉर्मवर जागा नाही."

मी पण हसलो. मग सही केली, इथे, इथे आणि इथे. त्याने स्वतःचं पेन दिलं होतं, ते परत मागून घेतलं.

आता निदान सणाचा पाव होईल. विजेच्या भट्ट्या मागवल्या आहेत. दिसायला कपडे धुवायच्या यंत्रासारख्या आहेत.

काका

*

१९ एप्रिल

झुल्मिरा,

काल न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. न्हावी पेपर वाचत म्हणाला, "बेलार्मिनो, अभिनंदन! तुझी नळी परत आली." मी म्हटलं, कसली नळी? त्याने पेपर माझ्या मांडीवर टाकला.

बर्कली शहरावरचा खटला, तिथेही तुमच्यासारखीच नळीबंदी. अपील न्यायालयाने सांगितलं, शहरांना अशी बंदी घालता येत नाही. तारीख १७ एप्रिल. मी सही करून दोन महिने झालेत. गेल्या महिन्यात गॅस कंपनीची माणसं आली, रस्ता खणला, नळी कापली आणि वर झाकण ठोकून गेली.

विजेचंही ऐक. वीज कंपनीने कळवलंय की मोठ्या जोडणीसाठी खांबावरचं यंत्र लागतं आणि ते सप्टेंबरमध्ये येईल. म्हणजे माझ्याकडे आता गॅस नाही आणि वीजही नाही. विजेच्या दोन भट्ट्या आहेत, प्लास्टिकात गुंडाळलेल्या. मांजर त्यांच्यावर झोपते.

"निदान मेपर्यंत थांबा." तुझं पत्र पाचव्यांदा वाचलं.

तुला माहीत होतं.

एक ओळ, झुल! "काका, खटला चालू आहे, कायदा पडू शकतो." एवढी एक ओळ लिहिली असतीस तर मी बैलासारखा बसून राहिलो असतो. मी सही केली ती तुझ्या त्या चार ओळींमुळे. हे तुझ्या वहीत तारीख घालून लिही.

बेलार्मिनो

*

३० एप्रिल

बेलार्मिनो काका,

लिहिलं.

आता जे सांगता येतं ते सांगते. खटला बर्कलीच्या नियमावर होता, आमच्या नाही, पण आमचा नियम शब्दाला शब्द तसाच आहे. उपकरणाने किती ऊर्जा वापरावी हे ठरवण्याचा हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. शहरांचं म्हणणं असं की आम्ही उपकरणाला हातच लावत नाही, फक्त इमारतीतली नळी बंद करतो. न्यायालय म्हणालं, नळी बंद केली की उपकरणाला मिळणारा गॅस शून्य होतो, आणि शून्य हासुद्धा आकडाच आहे. म्हणजे गाय आणि कास याबद्दल तुम्ही जानेवारीत जे म्हणालात ते तीन न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये म्हटलं. तुमचं वाक्य लहान होतं.

आमच्या नगरपरिषदेने नियमाची अंमलबजावणी थांबवायचं ठरवलं आहे. पुढच्या महिन्यापासून नव्या इमारतींनाही नळी मिळेल.

तुम्हाला मिळणार नाही. नियमाने तुमच्यावर काही लादलेलं नाही, तुम्ही स्वतः लिहून दिलं आहे. नियम पडला तरी मालकाने आपल्या मर्जीने दिलेलं वचन पडत नाही, असं नगरवकिलाचं म्हणणं आहे. ३० जूनची मुदत कायम आहे.

८ फेब्रुवारीला आमची एक बंद दाराआडची बैठक झाली. तिथे काय बोललं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. तो नगरवकील आणि त्याचा अशील, म्हणजे नगरपालिका, यांच्यातला गुप्त सल्ला आहे. मी सांगितलं तर गुन्हा होत नाही, नोकरी जाते. दहा तारखेला जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं. ते लिहायलाही परवानगी नव्हती.

बाबांशी माझं गेल्या ऑक्टोबरनंतर बोलणं झालेलं नाही.

झुल्मिरा

*

२ जून

झुल,

सण झाला.

पाव टुलारेला भाजला. डेल्फिमच्या मित्राची बेकरी आहे. बिचाऱ्याने शनिवारी अख्खी बेकरी आमच्या हवाली केली. नऊशे पाव ट्रकात रचून चार तास घाट उतरत आणले. ऊन मी म्हणत होतं. खालच्या थरातल्या पावांवर वरचे सगळे बसलेले. सभागृहात पहिली पेटी उघडली तर मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, "हे काय आहे?" देओलिंदा त्याला म्हणाली, "पाव आहे. प्रवास करून दमलाय. तुम्ही नाही का दमत?" कोणी हसलं नाही. राणीच्या हातात बरा बघून दिला. पुढच्या वर्षाचं अध्यक्ष काही बोलला नाही. हात मिळवला आणि दुसरीकडे बघितलं.

डेल्फिम माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण जमिनीकडे बघून. काल उत्तरेच्या भिंतीपाशी उभा होता. म्हणाला, "काका, मी ती वाळवी तशीच ठेवायला हवी होती." एका सुताराला असं म्हणायला लावलं तुम्ही लोकांनी.

मी वकील केली आहे. ओकाडा बाई. एरवी ती गोठ्यांच्या भाडेकरारांचं काम करते. तिने हमीपत्र वाचलं आणि म्हणाली, "हे मोडायला एकच रस्ता आहे. तुम्हाला खोटी माहिती देऊन सही घेतली असं दाखवता आलं पाहिजे. कोणी काही खोटं सांगितलं होतं?"

मी म्हटलं, बाई, मला कोणी काही सांगितलंच नाही, हीच तर तक्रार आहे.

३० जूनला भट्टी पाडायला माणसं बोलावली आहेत. बोलावणं मलाच करावं लागलं.

बेलार्मिनो

*

९ जून

बेलार्मिनो काका,

ओकाडा बाईंना सांगा, खोटी माहिती दिली होती. मी दिली होती.

तुमचं पत्र आल्यावर मी २० जानेवारीचं माझं पत्र काढून ओळीओळीने तपासलं. त्यात एक आकडा आहे, जो मी मोजलेला नव्हता. आठ महिने. तो काउंटरवरच्या कागदावरून घेतला होता.

या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत मी नोंदींच्या खिडकीवर गेले. अपील मंडळाच्या फाइली कोणालाही पाहता येतात, मला वेगळी परवानगी लागली नाही. नियम लागू झाल्यापासून सूट मागणारे सात अर्ज आले. सर्वांत लवकरचा निकाल सहा आठवड्यांत लागला, सर्वांत उशिराचा चौदा आठवड्यांत. सातपैकी पाच मंजूर झाले. त्यातले दोन कुजलेल्या भिंतींचे आहेत. दोन्ही मंजूर.

माझं पत्र मिळाल्यावर तुम्ही २७ जानेवारीला अर्ज केला असता, तर सर्वांत वाईट धरूनही ५ मेपर्यंत निकाल हातात असता. नळी कापलेली नसती. सण २८ मे रोजी होता.

आठ महिने हा आकडा कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही. तो कागद डिसेंबरमध्ये काउंटरवर आला, नगरवकिलाच्या कार्यालयातून. त्याआधीच्या कागदावर "सुमारे तीन महिने" असं आहे. दोन्ही कागदांच्या प्रती सोबत आहेत.

नकाशावरचा प्रत्येक आकडा मी दोनदा मोजते. हा एकदाही मोजला नाही, कारण तो आमच्याच कार्यालयाचा होता. तुम्हाला वाटतं मी न सांगितलेल्या गोष्टीमुळे नुकसान झालं. तसं नाही. मी जे सांगितलं त्यामुळे झालं.

मूळ पत्र तुमच्याकडे आहे. नगरपालिकेच्या नोकराने सही करून, तारीख घालून, अर्जदाराला चुकीची मुदत कळवली याचा तो पुरावा आहे. ओकाडा बाईंना द्या. मुदत ३० तारखेची आहे, लवकर द्या.

झुल्मिरा

*

१४ जून

झुल पोरी,

ओकाडा बाईने तुझं २० जानेवारीचं पत्र दोन्ही हातांनी धरलं, नुकत्या जन्मलेल्या वासराला धरावं तसं. म्हणाली, "हे दाखवलं की ते हमीपत्र स्वतःहून मागे घेतील. न्यायालयात जायची वेळच येणार नाही."

मी म्हटलं, मग पोरीचं काय?

तिने चष्मा काढला. मग सांगत बसली. स्वतःच्या काकाला सल्ला द्यायचा तुला अधिकार नव्हता. हे एक पत्र पुढे आलं की ते बाकीची मागतील. बाकीची म्हणजे १० फेब्रुवारीचं. "सही करू नका, मेपर्यंत थांबा." बैठकीनंतर दोन दिवसांनी लिहिलेलं. नोकरी तर जाईलच, म्हणाली, आणि तुझा इंजिनिअरचा परवाना देणाऱ्यांकडेही कोणी तक्रार करेल.

मी पत्र परत मागितलं. ती देईना. म्हणाली, "मिस्टर बेटनकोर्ट, तुम्ही माझ्याकडे भट्टी वाचवायला आलात." मी म्हटलं, आलो होतो, आता चाललो.

शेवटी तिने पत्र दिलं. ते आता घरी आहे आणि घरीच राहील. भट्टी विटांची आहे. तू विटांची नाहीस, वागत असलीस तशी तरी.

फेब्रुवारीत तुझ्या बापाचं नाव घेतलं, ते चुकलं माझं. देओलिंदा तेव्हाच म्हणाली होती. ती आता रोज म्हणते.

माणसं ३० तारखेला सकाळी आठला येतील. तू काही करू नकोस. पन्नासच का लिहिलंस ते मी पुन्हा विचारणार नाही.

तुझा काका

*

२३ जून

बेलार्मिनो काका,

माणसांना येऊ नका म्हणून कळवा.

नगरपालिकेच्या नोकराने नगरपालिकेच्या कामाबद्दल काहीही लिहिलं की तो सार्वजनिक कागद असतो, घरच्या पत्त्यावरून लिहिला तरी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत माझ्याकडे होती. २१ तारखेला सकाळी ती सगळी पत्रं मी नगर-कारकुनाच्या खिडकीवर दिली आणि पोच घेतली. १० फेब्रुवारीचंही दिलं. तुमची पत्रं दिली नाहीत, ती तुमची आहेत. सोबत सात अर्जांचा तक्ता आणि माहितीचे दोन्ही कागद जोडले. एक संच ओकाडा बाईंना पोचवला.

दुपारी हॅन्लींनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती.

"मिस बेटनकोर्ट, ही तुमच्याकडे कोणी मागितली होती?"

"नाही."

"मग थांबायचं होतं कोणी मागेपर्यंत. कदाचित कोणीच मागितली नसती."

"हो. ३० तारखेपर्यंत कोणीच मागितली नसती."

त्यांनी तक्ता उचलून पाहिला. "हा आठ महिन्यांचा आकडा. तो अंदाज होता. कोणाला फसवायचं म्हणून नाही."

"कशाचा अंदाज?"

त्यांनी तक्ता खाली ठेवला. मी तिथे आणखी थोडा वेळ उभी राहिले, कारण मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यांनी ओळखपत्र ठेवून जायला सांगितलं.

चौकशी पूर्ण होईपर्यंत मी कामावर नाही. निकाल काय लागेल ते उघड आहे, त्याची काळजी करू नका. पत्रं मी दिली, तुम्ही नाही, हे काकूंनाही सांगा.

तुमचं हमीपत्र नगरपालिकेने काल मागे घेतलं. तसं पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल. ते मिळाल्याबरोबर जमिनीच्या नोंदींतून हमीपत्र काढण्याचा अर्ज करा, ते आपोआप निघत नाही. मग गॅस कंपनीचा अर्ज. झाकण ठोकलेल्या नळीचा व्यास दीड इंच आहे, तो तसाच लिहा. भट्टीला त्याहून कमी चालणार नाही. डेल्फिमला सांगा, नळी ज्या भिंतीतून येईल ती त्याने चांगली बांधली आहे. तिथे दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका.

एक राहिलं. मंडळाच्या अध्यक्षाने पुढच्या वर्षीचा पाव तुमच्याकडून घ्यावा म्हणून मला काही करता येणार नाही.

आणि हे स्पष्ट असावं. तो नियम बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. तुमची भट्टी वर्षाला वीस घरांइतका गॅस जाळते, मी आकडे घेतले आहेत. नव्या इमारतीत घातलेली नळी पन्नास वर्षं तिथेच राहते. नियम हवेसाठी चांगला की वाईट हे न्यायालयाने सांगितलेलं नाही. तो करायचा हक्क कोणाचा, एवढंच सांगितलं. तुमची सही ज्या तऱ्हेने घेतली ती तऱ्हा चुकीची होती, म्हणून मी पत्रं दिली. व्याख्या पुन्हा लिहायला दिली तर पुन्हा पन्नासच लिहीन.

भट्टी पेटवाल त्या दिवशी मला बोलावू नका. दुसऱ्या दिवशी येईन.

झुल्मिरा